रेंगाळणारं औषध

बेंगळुरूच्या कोरमंगला भागात 1978 साली एका गॅरेजमध्ये बायोकॉन ही कंपनी सुरू झाली, तेव्हा मधुमेहाशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. पपईच्या चिकातलं पपेन आणि माशाच्या फुग्यापासून काढलेलं आयसिंग्लास हा तिचा पहिला माल. दोन्ही बिअर नितळ करायला लागतात. तिच्या संस्थापक किरण मझुमदार ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटला मद्यनिर्मिती शिकून आल्या होत्या, पण इथल्या भट्ट्यांना बाईच्या हाताखाली काम करायचं नव्हतं, म्हणून त्या एन्झाइमांकडे वळल्या. आज जगभर विकल्या जाणाऱ्या ग्लार्जिन इन्सुलिनच्या वंशावळीत ही न मिळालेली नोकरीही धरायला हवी.

वंशावळीची दुसरी शाखा कोपनहेगनची. योगायोग असा, की तीही माशापासूनच निघते. इन्सुलिन शोधणाऱ्या टोरंटोच्या बँटिंग आणि मंडळींनी 1923 मध्ये त्याचं पेटंट एकेका डॉलरला विद्यापीठाच्या हवाली केलं. औषध जवळजवळ फुकट सुटलं, पण ते काही तासांतच संपायचं. दिवसातून तीन-चार सुया, त्यातली एखादी मध्यरात्री उठून. 1936 मध्ये डेन्मार्कच्या हान्स ख्रिस्तियन हॅगेडॉर्न यांनी ट्राउट माशाच्या वीर्यातलं प्रोटामिन त्यात मिसळलं आणि इन्सुलिन कातडीखाली रेंगाळू लागलं. त्याचंच सुधारलेलं रूप 1946 मध्ये आलं, ते एनपीएच. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात मिळणारी दुधासारखी गढूळ बाटली अजूनही याच घराण्यातली आहे.

एनपीएचचे दोन दोष. तळाशी साका बसतो. बाटली तळहातांमध्ये हलकेच घोळवली नाही तर आज डोस पातळ आणि उद्या दाट. दुसरा दोष जास्त भीतीचा. त्याचा जोर काही तासांनी शिगेला जातो. झोपताना घेतलं की पहाटे दोन-तीनच्या सुमारास साखर उतरते, आणि झोपलेल्या माणसाला घाम फुटलेला कळतोच असं नाही.

हे शिखर सपाट करण्याचा उद्योग फ्रँकफर्टच्या होक्स्ट कंपनीनं केला. इन्सुलिनच्या साखळीत एका जागी ग्लायसिन बसवलं, दुसऱ्या टोकाला दोन आर्जिनिन जोडली. असं इन्सुलिन, म्हणजेच ग्लार्जिन, आम्ल द्रावणात विरघळलेलं राहतं. कातडीखाली आम्लपणा गेला की त्याचे बारीक कण साकळतात आणि साधारण दिवसभर थोडे थोडे विरघळत राहतात. 2000 साली ते लँटस या नावानं बाजारात आलं.

आता किंमत. अमेरिकेत सुरुवातीला लँटसची बाटली पस्तीसेक डॉलरना मिळे. 2019 पर्यंत ती पावणेतीनशेच्या पुढे गेली होती. औषधात काहीही बदललं नव्हतं. रेणूचं पेटंट 2015 मध्ये संपलं, तर ते टोचायच्या पेनच्या रचनेवरून खटले उभे राहिले.

भारतात मुंबईच्या वोक्हार्टनं 2003 मध्ये मानवी इन्सुलिन आणलं, बायोकॉननं 2004 मध्ये. बायोकॉनचा मार्ग भट्टीचाच होता: पिचिया नावाचं यीस्ट मोठ्या टाक्यांत वाढवायचं, इन्सुलिनचा कच्चा रेणू त्याच्याकडून करून घ्यायचा आणि एन्झाइमानं तो नेमका छाटायचा. 2009 मध्ये तिचं ग्लार्जिन बेसालॉग आलं. तेच घराणं मायलन कंपनीबरोबर सेमग्ली या नावानं 2020 मध्ये अमेरिकेत पोचलं. 2021 च्या जुलैत, डॉक्टरला न विचारता केमिस्टनं लँटसऐवजी द्यायला चालेल, अशी मान्यता मिळालेलं ते तिथलं पहिलं जैवऔषध ठरलं. मग जे झालं त्याला माझ्या मते व्यापार नव्हे, तमाशा म्हणावं. एकच द्रव दोन लेबलांनी विकायला काढला: नावाची बाटली सुमारे 269 डॉलर, बिननावाची 99. विमा कंपन्यांशी सवलतींची देवाणघेवाण महागड्या छापील किमतीवर चालते, म्हणून दोन्ही हवी होती.

आपल्याकडे 2022 च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ग्लार्जिन आलं आणि त्याच्या कमाल किमतीवर सरकारचा हात आला. तरी ते एनपीएचपेक्षा महागच. टाइप 1 च्या मुलासाठी हा खर्च सार्थकी लागतो, याबद्दल मला शंका नाही. टाइप 2 च्या ज्या माणसाची साखर रात्री उतरत नाही, त्याचं काय? अमेरिकेतल्या 2018 च्या एका मोठ्या पाहणीत टाइप 2 च्या रुग्णांना साखर उतरून इस्पितळात न्यावं लागण्याच्या प्रमाणात दोन्ही औषधांत फरक दिसला नाही. हे पेशंटला मोकळेपणानं सांगायला हवं. महागडं इन्सुलिन परवडेना म्हणून आठवड्यातून दोन दिवस सुई चुकवण्यापेक्षा स्वस्तातलं रोज घेणं केव्हाही बरं. मात्र बदल डॉक्टरांना विचारूनच.

पैसा वाचवताना सुरक्षितता कुठे निसटते, तेही पाहण्यासारखं आहे. पेनच्या कार्ट्रिजमध्ये 300 युनिट असतात. रोजचे 20 म्हणजे पंधरा दिवस, असा हिशेब घरोघर होतो. पण दर वेळी नवी सुई लावून 2 युनिट हवेत सोडायची असतात, हवेचा बुडबुडा आणि बंद सुई कळावी म्हणून. मग 22 प्रमाणे कार्ट्रिज तेराच दिवस पुरतं, महिन्याला तिसरं लागतं. ते वाचवायला 2 युनिट सोडणंच बंद होतं, आणि डोस कमी जाऊ लागतो.

उलट बाजूचा धोका सिरिंजचा. भारतातल्या साध्या इन्सुलिनच्या बाटलीत मिलिलिटरला 40 युनिट, तिची सिरिंज लाल टोपीची. ग्लार्जिनमध्ये मिलिलिटरला 100, त्याची टोपी केशरी. ग्लार्जिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 10 च्या खुणेपर्यंत भरलं, तर पाव मिली, म्हणजे 25 युनिट अंगात जातात. त्यात ग्लार्जिन पाण्यासारखं नितळ. गढूळ ते लांबचं, नितळ ते जेवणाआधीचं, ही जुन्या पेशंटांची खूण आता चालत नाही. ग्लार्जिन दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये मिसळायचंही नाही.

आठवड्यातून एकदाच घ्यायचं आयकोडेक इन्सुलिन युरोपात 2024 च्या मे महिन्यात मंजूर झालं. त्यात मिलिलिटरला 700 युनिट आहेत. ते फक्त पेनमधून मिळतं; त्यातलं औषध सिरिंजनं ओढून घ्यायला मनाई आहे.