दलाल, अडत्या आणि शेतकरी : पुणे परिसरातील भाजीविक्रीचा एक शब्दनिष्ठ विचार

मुळशी तालुक्यातील कासारसाई या गावाच्या एका अंगास धरणाचे पाणी आहे आणि दुसऱ्या अंगास हिंजवडी, पिंपरी-चिंचवड व पुणे यांची वाढती वस्ती आहे. अशा ठिकाणी भाजीला गिऱ्हाईक नाही असे होत नाही. अडचण असते ती विक्रीची. सकाळी उपटलेली मेथीची जुडी संध्याकाळी कोमेजते. धान्याप्रमाणे भावाची वाट पाहत ती कणगीत पडून राहू शकत नाही. शिवाय शेतात राबणाऱ्यानेच रोज बाजारात बसावे हे सर्वांना साधत नाही. म्हणून भाजी विकण्यास कोणाची तरी मदत घ्यावीच लागते. हा मदतनीस कोण, आणि मदतीच्या मोबदल्यात त्याच्या हाती काय जाते, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

या प्रश्नावर शब्दांचा इतिहास काही प्रकाश टाकतो. ‘दलाल’ हा शब्द अरबीतून फारसीच्या द्वारे मराठीत आला. त्याच्या मूळ धातूचा अर्थ वाट दाखविणे असा आहे. ‘दलील’ हा शब्दही त्याच धातूचा. म्हणजे दलाल हा मुळात वाटाड्या, परक्या पेठेत आलेल्यास मार्ग दाखविणारा साहाय्यक होय. आज या शब्दाला चिकटलेली निंदेची छटा केवळ भाषिक अपघात नव्हे. मदतनिसाचे व्यवहाराच्या धन्यात रूपांतर झाल्याची ती खूण आहे. ‘मांडवी’ हा शब्दही असाच बोलका आहे. पूर्वमध्ययुगीन कोरीव लेखांतील ‘मंडपिका’ म्हणजे मालावर कर घेण्याचे ठिकाण. तेव्हा विक्रीची जागा आणि वसुलीची जागा यांचे नाते फार जुने आहे. याउलट ‘वाणवळा’, म्हणजे नव्या पिकातील थोडा वाटा शेजाऱ्यापाजाऱ्यांना देणे, या व्यवहारात मोलही नाही आणि मध्यस्थही नाही.

हे नाते पुण्यात कसे जाचक झाले होते, याची साक्ष महात्मा जोतीराव फुले यांच्या लेखनात मिळते. 1883 साली लिहून पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात गाडीभर माळवे घेऊन शहरात आलेल्या शेतकऱ्याची स्थिती त्यांनी वर्णिली आहे. दलालांची लबाडी आणि म्युनिसिपालिटीची जकात यांतच मालाची किंमत संपते आणि गाडीभाडे अंगावर पडते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. फुले 1876 ते 1882 या काळात पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते आणि मंडईच्या भव्य इमारतीवरील खर्चास त्यांनी विरोध केला होता. ती इमारत 1886 साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली गेली, आणि पुढे तिलाच फुल्यांचे नाव देण्यात आले. इमारतीने भाजी विकणाऱ्यास छप्पर दिले; परंतु त्याच्या हाती काय उरते, हा फुल्यांचा प्रश्न छपराने सुटण्यासारखा नव्हता.

पुढील प्रयत्न कायद्याचे झाले. वऱ्हाडात 1897 साली कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. 1928 साली शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई प्रांतात 1939 साली आणि महाराष्ट्र राज्यात 1963 साली शेतमालाच्या बाजारांविषयी कायदे झाले. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची जी रीत बाजारांत रूढ होती, तिच्या जागी उघड लिलाव आणणे हे या सुधारणेचे एक प्रमुख अंग होते. भाषाभ्यासकास यातील मर्म सहज कळेल. रुमालाखालचा भाव हा मालाच्या धन्यापासून लपविलेला संकेत होता. लिलावाने तो त्याला कळणाऱ्या भाषेत उच्चारला जाऊ लागला. तरीही अडत्याने आगाऊ दिलेली उचल शिल्लक असेपर्यंत ऐकू आलेला भाव नाकारण्याची मोकळीक शेतकऱ्यास नसते.

2016 साली महाराष्ट्रात फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या आवाराबाहेर नियंत्रणमुक्त करण्यात आला आणि आवारातील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. त्याच वर्षी पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावे शेतकरी आठवडे बाजारांची योजना सुरू केली. या बाजारांत शेतकरी, त्यांचे गट आणि उत्पादक कंपन्या ग्राहकास थेट माल विकतात.

‘थेट’ या शब्दाने मात्र फसून जाता कामा नये. दहा शेतकऱ्यांचा माल एकाने विकावयास नेला की तेथे मदतनीस आलाच. आणि तो येणे गैरही नाही. तोलणारा, जुड्या निवडणारा, पैसे मोजणारा यांच्या श्रमाला मोल असलेच पाहिजे. हे मोल आधी ठरलेले आहे काय, भाव ठरविताना मालाचा धनी विचारला जातो काय, आणि न खपलेल्या भाजीचा हिशेब पट्टीवर उघड लिहिला जातो काय, हे पाहावे लागेल. या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तोवर तो वाटाड्या राहील. ज्या दिवशी ते तसे राहणार नाही, त्या दिवशी ‘दलाल’ या शब्दाचा इतिहास नव्या नावाखाली पुन्हा सुरू होईल.