गुलाब या नांवाची कुळकथा

गेल्या कोजागिरीच्या सुमारास मेहरूणच्या एका परिचित घरीं बारसें होतें. घरांतील आजी वर्षापूर्वीं वारल्या. त्यांचें नांव गुलाब. नातीला तेंच नांव ठेवावें अशी आजोबांची इच्छा. बाळाच्या वडिलांचें म्हणणें, हें नांव परकें, यावनी; त्याऐवजीं शुद्ध संस्कृत ‘पाटला’ ठेवावें. निवाडा आमच्यावर सोंपविण्यांत आला.

पाटल म्हणजे तांबूस झांक असलेला पांढरा रंग, असें अमरकोशच सांगतो. तेव्हां अर्थाच्या दृष्टीनें चिरंजीवांची निवड चुकली नव्हती. चूक होती ती ‘गुलाब’ हा रंगवाचक शब्द बाहेरून आला असें मानण्यांत. फारसींत ‘गुल्’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. इराणांत आजहि गुलाब म्हणजे आपलें गुलाबपाणी. आणि तेथें ‘गुलाबी’ मागाल तर नासपती हातांत येईल! आपण अर्काचें नांव फुलाला दिलें, फुलाचें रंगाला आणि मग मुलीला. कच्चा माल इराणचा खरा. घडण मात्र इकडची. अरबांच्या तोंडीं ‘ग’चा ‘ज’ होऊन याच शब्दाचा ‘जुलाब’ झाला, व प्रथम तो एका गोड औषधी पेयाचें नांव होता. पुढें वैद्यांच्या हातीं त्याची काय गति झाली तें वाचकांस ठाऊकच आहे. बारशाच्या घरीं हा भाग आम्हीं अर्थात् गाळला.

खानदेशांत १३८२ पासून १६०१ पर्यंत फारुकी सुलतानांची सत्ता होती. एवढ्या काळांत फारसी शब्द दरबारांतून बाजारांत व बाजारांतून माजघरांत उतरले, यांत नवल तें काय? त्याच १६०१ सालीं असीरगड घेतल्यावर अकबरानें शाहजादा दानियालच्या नांवावरून या प्रांताचें ‘दानदेश’ असें नांव ठेविलें. बादशहाचा हुकूम तो. पण लोकांच्या जिभेनें मानला नाहीं.

शिवाय, भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत इकडच्या मुली मातीच्या गुलाबाईची पूजा करतात, तिचीं गाणीं म्हणतात, झांकलेली खिरापत ओळखावयास लावतात. वऱ्हाडांत तीच भुलाबाई. ती मूळची पार्वती. त्या नांवांत ‘गुलाब’ ऐकूं येतो म्हणून तिला कोणी परकी म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

एवढें सगळें सांगूनहि चिरंजीव बधले नाहींत. पाळण्यांत नांव पाटलाच ठेवलें गेलें. आजोबा कांहीं बोलले नाहींत. बोलणार तरी काय? त्यांच्या पिढींतला नवरा बायकोचें नांव घेत नसे. फार तर उखाण्यांत.

पौषांत पुन्हां त्या घरीं जाणें झालें. ओट्यावर सुपांत मेहरूणचीं बोरें पसरलेलीं होतीं आणि आजोबा नातीला मांडीवर घेऊन बसले होते. रस्त्यावरच्या माणसालाहि ऐकूं जावें इतक्या मोठ्यानें ते तिला ‘गुलाब, ए गुलाब’ अशी हांक मारीत होते. चिरंजीव दारांतच उभे होते. पण त्यांनीं तें ऐकलेंच नाहीं असें दाखविलें.