अंगठीची बदलती मुखपृष्ठे

आपल्याकडच्या वाचनालयातून पुस्तक घरी येते ते बहुधा जाड पुठ्ठ्यात बांधलेले. पाठीवर शाईने घातलेला दाखल क्रमांक, आत गोल शिक्का, आणि मूळ मुखपृष्ठ कुठल्या कुठे गेलेले! त्यामुळे पुस्तक म्हणजे आतला मजकूर, मुखपृष्ठ ही वरची हौस, अशी समजूत लहानपणीच पक्की होऊन बसते. एकदा छापलेला मजकूर कायमचा, हेही आपण गृहीत धरतो. या दोन्ही समजुतींना धक्का देणारे उदाहरण म्हणजे जे. आर. आर. टोल्किन या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या.

त्यांचे ‘हॉबिट’ लंडनच्या जॉर्ज अ‍ॅलन अँड अन्विन या प्रकाशनसंस्थेने २१ सप्टेंबर १९३७ रोजी प्रसिद्ध केले. पहिली आवृत्ती अवघ्या १५०० प्रतींची. वेष्टणाचे चित्र लेखकानेच काढले होते. हिमाच्छादित डोंगर, दाट अरण्य, एका बाजूस दिवस तर दुसऱ्या बाजूस रात्र, आणि कडेने प्राचीन रून लिपीतली अक्षरे. सूर्य आणि ड्रॅगन तांबडे असावेत अशी टोल्किन यांची इच्छा होती. परंतु आणखी एका रंगाचा खर्च नको म्हणून काळा, निळा आणि हिरवा एवढ्यांवरच भागवले गेले. वेष्टणाच्या आतल्या घडीवर ‘डॉजसन’ या नावात एक अक्षर जादा पडले, ते प्रतींवर हाताने शाईने खोडावे लागले. मुद्रणालयाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना या प्रसंगाने हसूही येईल आणि घामही फुटेल.

यापेक्षा मोठा फरक आतल्या पानांत आहे. १९३७च्या प्रतीत गॉलम हा गुहेतला प्राणी कोड्यांच्या पैजेत अंगठी लावायला राजी असतो. पैज हरल्यावर ती सापडेना, तेव्हा तो चक्क क्षमा मागतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. पुढे हीच अंगठी महाकादंबरीचे बीज ठरली. जिच्यासाठी माणसे आत्मा गहाण टाकतात ती अंगठी कोणी हसत पैजेला कशी लावील? १९४७ साली टोल्किन यांनी ते प्रकरण नव्याने लिहून केवळ नमुना म्हणून प्रकाशकांकडे धाडले. काही वर्षांनी मुद्रिते हाती पडली तेव्हा त्यांना कळले की नमुना थेट पुस्तकातच गेला आहे. १९५१च्या दुसऱ्या आवृत्तीपासून हाच मजकूर रूढ झाला. मग जुन्या प्रतींचे काय करायचे? टोल्किन यांनी तोड काढली, की जुनी हकीकत हे बिल्बोने रचलेले असत्य होते! दोन आवृत्त्यांतली तफावतच त्यांनी कथेत सामावून घेतली.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही मुळात एकच सलग कादंबरी. युद्धोत्तर काळातल्या महाग कागदामुळे ती तीन खंडांत विभागली गेली. पहिले दोन खंड १९५४ साली आले, तर तिसरा २० ऑक्टोबर १९५५ रोजी. लेखकाने खंडांसाठी निरनिराळी मुखपृष्ठे रेखाटली होती; पण तिन्ही खंडांवर एकच चित्र छापले गेले, अंगठी आणि तिच्यातला आरक्त डोळा. आज ज्याला आपण ‘त्रिखंडात्मक कादंबरी’ म्हणून गौरवतो, त्या रूपामागे कागदाचा भाव आहे.

खरा संघर्ष १९६५ साली अमेरिकेत झाला. परदेशी छापलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या १५००हून अधिक प्रती आयात केल्यास तिथल्या तेव्हाच्या कायद्याचे संरक्षण धोक्यात येई. अधिकृत प्रकाशकाने ही मर्यादा ओलांडली असे धरून ‘एस बुक्स’ने तिन्ही खंड प्रत्येकी ७५ सेंटला, कागदी बांधणीत, लेखकाला न विचारता बाजारात आणले. एका रेषेपलीकडे गेले की हक्क कसे बदलतात, हे सीमाभागात राहणाऱ्यांना नव्याने सांगायला नको.

त्याच वर्षी ‘बॅलन्टाइन’ची अधिकृत आवृत्ती ९५ सेंटला निघाली. तिच्या मलपृष्ठावर खुद्द टोल्किन यांचे निवेदन होते. हयात लेखकाविषयी किमान सौजन्य बाळगणाऱ्यांनी हीच आवृत्ती घ्यावी, असा त्याचा आशय. वाचकांनी त्यांची बाजू घेतली. अखेर ‘एस’ने स्वामित्वधन दिले आणि पुनर्मुद्रण थांबवले. पुढे १९९२ साली अमेरिकन न्यायालयाने मूळ हक्क वैध असल्याचा निर्वाळा दिला. परंतु टोल्किन १९७३ सालीच निवर्तले होते.

गंमत अशी, की या अधिकृत आवृत्तीच्या चित्रांनीही लेखकाला मनस्तापच दिला. घाईच्या कामात चित्रकर्त्री बार्बरा रेमिंग्टन यांना पुस्तके वाचायला मिळाली नव्हती. मित्रांकडून ऐकून त्यांनी चित्रे काढली. ‘हॉबिट’च्या मुखपृष्ठावर सिंह आणि एमू पक्षी अवतरले. यांचा कथेशी संबंध काय, असा टोल्किन यांचा रोखठोक सवाल होता. सिंह पुढच्या छपाईत गेला. तरीही त्या पिढीतल्या असंख्य अमेरिकन वाचकांना तीच मुखपृष्ठे प्रिय; तीन खंडांची चित्रे जोडली की एक सलग देखावा होई, आणि तो भिंतीवर लावायला विकलाही जाई. लेखकाला जे परके वाटले, ते वाचकाच्या तारुण्याचा भाग झाले. दोघांपैकी कोणाला चूक म्हणावे?

१९६८च्या एकखंडी ब्रिटिश आवृत्तीचे मुखपृष्ठ पॉलीन बेन्स यांनी केले. १९९१च्या सचित्र आवृत्तीत अ‍ॅलन ली यांची जलरंगातली चित्रे आली, आणि २००१नंतर चित्रपटातले चेहरे मुखपृष्ठावर झळकले. मराठीतही मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादाने ही कथा ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने अवतरली.

तेव्हा जुने पुस्तक हाती आले की पहिले पान उलटण्याआधी आवृत्ती, वर्ष आणि चित्रकाराचे नाव जरूर पाहावे. आपण कोणता मजकूर वाचतो आहोत, आणि त्याचा मोबदला लिहिणाऱ्याला पोचला की नाही, हे तिथेच कळते. आणि वाचनालयांच्या चालकांना एक नम्र विनंती: पुस्तक बांधायला द्याल तेव्हा मूळ मुखपृष्ठ फेकू नका, आतल्या बाजूला चिकटवा. पुस्तकाच्या जन्माचा तो दाखला आहे.