फ्रेंच गायिका एमा काल्व्हे

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नकोच म्हटले होते. पाककृती आणि विणकाम यांवर लिहिणाऱ्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. पण स्वामी विवेकानंदांचे ‘परिव्राजक’ हे प्रवासवर्णन मराठीत वाचताना एका बाईचे नाव माझ्या मनात अडकून राहिले होते. सन १९०० मध्ये स्वामीजी पॅरिसहून इजिप्तकडे निघाले, ते एका गाणाऱ्या बाईचे पाहुणे म्हणून. संन्याशाला आपल्याबरोबर देशोदेशी नेणारी ही गायिका कोण, हे जाणून घ्यावेसे वाटू लागले. या बाईंचे आत्मचरित्र १९२२ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेले आहे. माझी शाळा सातवीपर्यंतची. म्हणून माझी मुलगी दुपारी एकेक प्रकरण वाचून अर्थ सांगे आणि मी तांदूळ निवडता निवडता ऐके. त्यातून जे समजले ते माझ्या शब्दांत लिहीत आहे.

एमा काल्व्हे हिचा जन्म १५ ऑगस्ट १८५८ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों या डोंगरी जिल्ह्यात झाला. वडील इंजिनियर होते आणि कामासाठी स्पेनमध्ये राहत, म्हणून मुलीचे अगदी लहानपण तिकडे गेले आणि तोंडात प्रथम भाषा बसली ती स्पॅनिश. पुढे मायदेशी परतल्यावर जोगिणींच्या शाळेत शिक्षण झाले. घरची स्थिती ओढीची होती. तरी मुलीचा गळा पाहून आईने तिला पॅरिसला नेले आणि गाणे शिकवले. मला या आईचे फार कौतुक वाटते. सातवीनंतर माझी शाळा सुटली तशीच पेटीही सुटली. मुलीच्या जातीला गाणे शिकून काय करायचे, असे तेव्हा घरात म्हणत. असो.

२३ सप्टेंबर १८८१ रोजी बेल्जमच्या राजधानीत, ब्रुसेल्सच्या नाटकगृहात, एमाबाई प्रथम रंगभूमीवर आल्या. नाटक गूनो याचे ‘फाउस्ट’, भूमिका मार्गारेटची. तिकडच्या या संगीत नाटकाला ऑपेरा म्हणतात. त्यात बहुतेक सगळे बोलणे गाण्यातच चालते, पुढे साठ-सत्तर वाद्यांचा ताफा वाजत असतो, आणि ध्वनिक्षेपक नसताना शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द न् शब्द ऐकू गेला पाहिजे. बायकांच्या आवाजातला जो सर्वांत उंच पट्टीचा आवाज, त्याला सोप्रानो म्हणतात. बाईंचा आवाज त्या जातीचा. आपल्याकडे याच सुमारास, १८८० साली, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. त्यात शकुंतला झाली होती ती पुरुषनटानेच. त्यामुळे तिकडे स्त्रीनेच स्त्रीची भूमिका करावी याचे आपल्याला नवल वाटेल, पण तिकडे ते केव्हाचेच रुळलेले होते.

सुरुवात झाली म्हणून यश आले असे मात्र नाही. १८८७ साली इटलीत मिलानच्या ‘ला स्काला’ या नावाजलेल्या नाटकगृहात त्या गायल्या आणि साफ पडल्या. तिथले प्रेक्षक फार कडक. एखादी असती तर सामान बांधून घरी गेली असती. बाई पॅरिसला आल्या आणि तिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. रोझीन लाबोर्द नावाच्या जुन्या गायिकेकडे त्यांनी आवाज नव्याने घडवला. पुढे त्याच मिलानच्या रंगमंचावर ‘हॅम्लेट’ या ऑपेरात ओफेलिया होऊन त्यांनी वेडाचा प्रवेश असा रंगवला की, ज्यांनी नाक मुरडले होते त्यांनीच टाळ्या वाजवल्या. एलिओनोरा दूझे या थोर इटालियन नटीचा अभिनय त्यांनी पाहिला होता, त्याचाही हा परिणाम. नुसते गोड गाऊन भागत नाही, ती बाई आपण व्हावे लागते, हे त्यांना तेथे उमगले.

आणखी एक विद्या त्यांनी रोममध्ये मिळवली. पोपच्या सिस्टाइन देवळात दोमेनिको मुस्ताफा नावाचे वयोवृद्ध गायक होते. पूर्वी तिकडे काही मुलांवर लहानपणीच शस्त्रक्रिया करून त्यांचा आवाज फुटू देत नसत. त्या क्रूर चालीतले हे शेवटल्या काहींपैकी एक. त्यांच्या गळ्यातून काही सूर असे निघत की ते ना पुरुषाचे ना बाईचे, जणू हवेतूनच येताहेत. हे मला शिकवा, म्हणून बाईंनी विनवले. रोज दोन तास तोंड मिटून अभ्यास कर, दहा वर्षांनी कदाचित जमेल, असे उत्तर मिळाले. बाईंनी तीन वर्षांत ते साधले. त्याला त्या आपला ‘चौथा आवाज’ म्हणत. आमच्या भजनीमंडळात एक अभंग बसवायला दोन महिने लागले म्हणून कुरकुर करणाऱ्यांत मीही होते, हे येथे कबूल करते.

१८९१ साली रोममध्ये मास्कान्यी याच्या ‘ला’मिको फ्रिट्झ’ या नव्या ऑपेरात नायिकेची भूमिका प्रथम त्यांनीच केली. पुढच्या वर्षी पॅरिसला त्याच संगीतकाराचे ‘कावालेरिया रुस्तिकाना’ आले. त्यातली सान्तुझ्झा ही खेड्यातली फसवली गेलेली मुलगी. बाईंनी इटलीतल्या शेतकरणीचा खराखुरा पोशाख आणला होता: जाडाभरडा सदरा आणि झिजलेल्या वहाणा. बरोबरची मंडळी हसली. रंगभूमीवर असले ध्यान करून यायचे काय, नायिकेने रेशीमच नेसावे, असा रिवाज. पण पहिल्या रात्री त्या ओबडधोबड कपड्यांतल्या मुलीचे दुःख लोकांच्या काळजाला भिडले. त्याच वर्षी लंडनलाही त्यांनी ती भूमिका केली. व्हिक्टोरिया राणीने त्यांना वाड्यात बोलावून गाणे ऐकले आणि सान्तुझ्झाच्या वेषातला त्यांचा अर्धपुतळा आपल्या नात्यातल्या एका शिल्पकार स्त्रीकडून घडवून घेतला.

पण ज्या भूमिकेने त्या जगाला माहीत झाल्या ती कार्मेन. ही सेव्हिल शहरातल्या सिगारेटच्या कारखान्यातली जिप्सी मुलगी. मनाला येईल त्याच्यावर प्रेम करणारी, मन विटले की तोंडावर सांगणारी, आणि शेवटी त्यापायी सुरीने मारली जाणारी. बिझे याचा हा ऑपेरा १८७५ साली पॅरिसला प्रथम झाला तेव्हा सभ्य लोकांना रुचला नाही, आणि तीनच महिन्यांनी बिचारा बिझे वारला. काल्व्हेबाईंनी ही भूमिका घेण्यापूर्वी स्पेनमध्ये ग्रानाडाला जाऊन जिप्सी बायकांचे चालणे, नाचणे, शाल पांघरणे डोळे भरून पाहिले. ठरीव नाच त्यांनी टाकला, ठरीव आखूड घागरा टाकला, आणि झालरीची शाल घेऊन हात व कमरेच्या लयीत नाचणारी कार्मेन उभी केली. जुन्या जाणत्यांनी नाके मुरडली, पण पुढे सगळ्या कार्मेन या कार्मेनशी ताडून पाहिल्या जाऊ लागल्या.

न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन नाटकगृह १८९२ साली आगीत होरपळले होते. ते दुरुस्त होऊन नोव्हेंबर १८९३ मध्ये उघडले, आणि लगेच २९ तारखेला बाई तेथे सान्तुझ्झा म्हणून गायल्या. २० डिसेंबरला कार्मेन झाली आणि न्यूयॉर्क वेडे झाले. १९०४ पर्यंत त्या एका नाटकगृहात त्या अडीचशेवर वेळा गायल्या. मासने या संगीतकाराने ‘ला नाव्हारेज’ (१८९४) आणि ‘साफो’ (१८९७) हे दोन ऑपेरा त्यांच्याच आवाजासाठी लिहिले. १८९४ साली त्यांनी आपल्या डोंगरी मुलखात काब्रिएरची जुनी गढी विकत घेतली. डिसेंबर १९०४ मध्ये पॅरिसला ‘कार्मेन’चा हजारावा प्रयोग झाला, त्यातही कार्मेन त्याच होत्या.

आता स्वामीजींची हकीकत. सर्वधर्मपरिषदेनंतर स्वामीजी अमेरिकेत व्याख्याने देत होते. शिकागोला बाईंचा मुक्काम असता त्यांचे शरीर आणि मन दोन्ही खचलेले होते. एवढी टाळ्यांची धनी, आणि आतून ही अवस्था! एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून त्या भेटीला गेल्या. स्वामीजींनी वर न पाहताच बोलायला सुरुवात केली आणि कुणालाही ठाऊक नसलेल्या गोष्टी सांगितल्या. तुम्हाला हे कोणी सांगितले, असे विचारता ते हसले. उघडे पुस्तक वाचावे तसे तुम्हाला वाचतो आहे, असे म्हणाले. दुःख आत कोंडून ठेवू नका, त्याला कलेतून वाट द्या, प्रकृती सांभाळा, असा त्यांचा उपदेश. बाई म्हणतात, मी परत आले ती हलकी होऊनच. मला या प्रसंगात नवल वाटते ते मनातले ओळखण्याचे नव्हे. संन्याशाने गाणारणीला गाणे सोड असे सांगितले नाही, उलट गा असे सांगितले, याचे वाटते.

एकदा अमरत्वावर बोलणे चालले होते. बाई म्हणाल्या, मी क्षुद्र असले तरी माझे मीपण मला हवे. त्या अनंतात विरून जाणे मला नको. स्वामीजींनी समुद्रात पडून रडणाऱ्या थेंबाची गोष्ट सांगितली. समुद्र त्याला म्हणतो, अरे, तू तुझ्या सगळ्या भावंडांत आलास, आता तूच समुद्र. आणि परत जायचे असेल तर सूर्यकिरणावर चढ, ढगात जा, तहानलेल्या भुईवर पुन्हा थेंब होऊन पड. हे ऐकून आमच्या स्वयंपाकघरात बराच वेळ कुणी बोलले नाही.

ऑक्टोबर १९०० मध्ये ही मंडळी पॅरिसहून निघाली. स्वामीजी, मिस मॅक्लाउड, वृद्ध धर्मोपदेशक हियासिंथ लॉयझों व त्यांची पत्नी, लेखक ज्यूल ब्वा आणि बाई. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अथेन्स करीत ती कैरोला पोचली. तेथे एक दिवस बोलण्याच्या नादात वाट चुकून सर्वजण एका घाणेरड्या गल्लीत शिरले. खिडक्यांतून, उंबऱ्यांवरून अर्धवट वस्त्रांतल्या बायका हसत होत्या, हाका मारीत होत्या. बरोबरच्या एका बाईने लगबगीने सगळ्यांना बाहेर काढायचे पाहिले. स्वामीजी मात्र त्यांच्यातून हळूच बाजूला झाले आणि बाकावर बसलेल्या त्या बायकांकडे गेले. ही बिचारी लेकरे, यांनी आपले देवपण रूपात ठेवले, आता त्यांची दशा पाहा, असे म्हणून ते रडू लागले. त्या बायका गप्प झाल्या. एकीने वाकून त्यांच्या झग्याच्या काठाचे चुंबन घेतले आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये ‘देवमाणूस’ अशा अर्थाचे काही पुटपुटली. दुसरीने हाताने तोंड झाकून घेतले.

माझी मुलगी येथे वाचता वाचता थांबली. मला वाटते, त्या गल्लीत उभ्या असलेल्या सगळ्यांत त्या बायकांच्या सर्वांत जवळची कोणी असेल तर ती काल्व्हेबाई. सान्तुझ्झा काय किंवा कार्मेन काय, लोक ज्यांच्याकडे बोट दाखवतात अशा बायकांची दुःखे गाऊनच तर त्या मोठ्या झाल्या होत्या. आणि ती स्पॅनिश कुजबूज त्यांना कुणी समजावून सांगावी लागली नसेल.

नोव्हेंबरात स्वामीजी कैरोहून एकटेच हिंदुस्थानला परतले. ४ जुलै १९०२ रोजी बेलूर मठात त्यांनी देह ठेवला. काही वर्षांनी बाई हिंदुस्थानात आल्या. स्वामीजींच्या आई भुवनेश्वरीदेवी त्यांना मठात घेऊन गेल्या. संगमरवरी समाधीवर नाव नाही हे पाहून बाईंनी तेथल्या संन्याशाला कारण विचारले. त्याने आश्चर्याने पाहिले आणि ते तर गेले, एवढेच सांगितले. जिचे नाव नाटकगृहांच्या फलकांवर झळकत असे, तिला हे किती वेगळे वाटले असेल!

पहिल्या महायुद्धात त्या फ्रान्सच्या मदतीसाठी अमेरिकेत गायल्या. उतारवयात गाणे शिकवले, काब्रिएरच्या गढीत मुली शिकायला येऊन राहत. १९४० साली त्यांचे आणखी एक आठवणींचे पुस्तक फ्रेंचमध्ये निघाले. ६ जानेवारी १९४२ रोजी, जर्मनांनी फ्रान्स पादाक्रांत केला असता, दक्षिण फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा आवाज १९०२ पासून तबकड्यांवर उतरवला गेला. माझ्या भाच्याने मला एका जुन्या फ्रेंच गाण्याची तबकडी ऐकवली. खरखर पुष्कळ आहे. पण शेवटी एक सूर येतो, बारीक, लांब, कुठून येतो ते कळत नाही, आणि तो संपला तरी आपण ऐकतच राहतो. तोच तो चौथा आवाज.