रोजच्या लहान सवयींतून जपला जाणारा ख्रिस्ती विश्वास

प्रतिनिधी, नवी मुंबई

वसईच्या एखाद्या वाडीत किंवा अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील खेड्यात ख्रिस्ती कुटुंबाची श्रद्धा सांभाळण्याचे निम्मे काम गावच करीत असते. चर्चची घंटा प्रार्थनेची वेळ सांगते, वाटेवरचा क्रूस आठवण देतो आणि आजी जपमाळ घेऊन बसली, की नातवंडे आपोआप भोवती जमतात. 'सिडको'च्या १९७० मधील स्थापनेनंतर वसत गेलेल्या नवी मुंबईत हा आधार सहजी लाभत नाही. वसई, गोवा, मराठवाडा, केरळ अशा ठिकाठिकाणांहून आलेली कुटुंबे वाशी, नेरूळ, बेलापूरच्या संकुलांत शेजारी-शेजारी राहतात. रविवारी मिस्सेला किंवा उपासनेला जाणे होते. पण सोमवार ते शनिवार हे सहा दिवस ज्याचे त्यालाच सांभाळावे लागतात. श्रद्धा एका दिवसात जात नाही, ती नकळत विरत जाते. म्हणूनच रोजच्या लहान सवयींना येथे विशेष महत्त्व आहे.

सकाळची पाच मिनिटे

प्रार्थना खोलीत जाऊन, दार लावून, एकांतात करावी, असे येशूने सांगितल्याचे मत्तयच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात आले आहे. वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या कुटुंबाला वेगळी खोली कोठून आणायची, हा प्रश्न पडणारच. त्यावर उपाय जागेचा नसून वेळेचा आहे. घर जागे होण्यापूर्वीची पाच मिनिटे हीच ती खोली. येशूने शिष्यांना शिकविलेली प्रभूची प्रार्थना म्हणायला अर्धा मिनिटही लागत नाही. ती सावकाश म्हणावी, त्या दिवशी भेटणाऱ्या एका माणसाचे नाव देवापुढे घ्यावे आणि उरलेला वेळ शांत बसावे. वेळ थोडा असला तरी चालेल. तो ठरलेला असावा.

लोकलमधील वाचन

पनवेल ते सीएसएमटी हा प्रवास साधारण सव्वा ते दीड तासाचा. मार्कचे शुभवर्तमान जवळपास तेवढ्याच वेळात वाचून होते. त्याचे १६ अध्याय आहेत. रोज एक वाचला तरी सोळा दिवस लागतात. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय महिन्याच्या तारखांना नेमके जुळतात. स्तोत्रे १५०, रोज पाच याप्रमाणे ती ३० दिवसांत पूर्ण होतात. प्रॉटेस्टंट परंपरेतील ६६ पुस्तकांच्या बायबलमध्ये ११८९ अध्याय आहेत. रोज तीन-चार वाचल्यास वर्षात संपूर्ण ग्रंथ वाचून होतो. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके असल्याने थोडा अधिक वेळ धरावा.

मराठी वाचकाला भाषेची अडचण नाही. विल्यम कॅरी यांच्या प्रयत्नांतून श्रीरामपूर येथे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मराठी बायबलची छपाई सुरू झाली. सामान्य स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत पंडिता रमाबाईंनी संपूर्ण बायबल उतरविले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ मध्ये साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

घरची प्रार्थना आणि भजन

संध्याकाळी कुटुंबाने एकत्र बसण्याची प्रथा कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या दोन्ही परंपरांत आहे. कॅथलिक घरांत जपमाळ म्हटली जाते. तिच्या पाच दशकांना वीस मिनिटे पुरतात. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना मानला जातो, त्यामुळे सुटलेली सवय पुन्हा लावण्यास तो सोयीचा. मराठी प्रॉटेस्टंट घरांत 'उपासना संगीत'मधील भजन, एक उतारा आणि प्रार्थना असा क्रम असतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी अभंग-ओवीच्या वळणाची गीते रचून ही उपासना मराठी माणसाच्या ओठांवर आणली. पाळीमुळे सर्वांना रोज एकत्र येणे जमत नसेल, तर आठवड्यातील दोन वार ठरवावेत आणि ते मोडू नयेत.

झोपण्यापूर्वीचा हिशेब

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१-१५५६) यांनी दिवसाच्या आत्मपरीक्षणाची पद्धत घालून दिली. आज कशाबद्दल आभार मानावेत, कोठे चुकले आणि उद्या काय सुधारावे, हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडण्याचा उपदेश आहे. घरात बोलाचाली झाली असेल, तर हा हिशेब समोरच्याची क्षमा मागितल्याखेरीज पुरा होत नाही. सर्वांत अवघड सवय हीच.

उपवास आणि दान

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून, ४० दिवसांचा उपवासकाळ येतो. या काळात वाचविलेले पैसे गरजूला देण्याची रीत आहे. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रिया १९१० पासून स्वयंपाकापूर्वी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढत आल्या आहेत. शहरातील स्वयंपाकघरात ओट्यावर एक डबा ठेवून रोज काही नाणी टाकली, तरी तोच परिपाठ घडतो. दान मोठे असण्यापेक्षा ते रोज आठवणे महत्त्वाचे.

मन लागत नाही तेव्हा

प्रार्थनेत मन लागत नाही, असे दिवस प्रत्येकाच्या वाट्याला येतात. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण येथे बोलके आहे. पतीने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना त्या निर्णयापर्यंत येण्यास आणखी पाच वर्षे लागली. विश्वासाला वेळ लागतो, हे 'स्मृतिचित्रे' वाचताना स्पष्ट होते. पंडिता रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ मध्ये निवर्तली. त्या दुःखातही केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंचे बायबलच्या भाषांतराचे काम चालूच राहिले. एप्रिल १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे संपूर्ण मराठी बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

सुरुवात करणाऱ्याने वरील सर्व गोष्टी एकदम हाती घेऊ नयेत. एकच सवय निवडावी आणि महिनाभर पाळावी. एखादा दिवस चुकला, तर अपराधी वाटून घेऊन सर्वच सोडून देण्याऐवजी दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बसावे. आपल्या धर्मगुरूंना किंवा पाळकांना, अथवा चर्चमधील एका स्नेह्याला ते सांगून ठेवावे. गावात आजी विचारत असे, 'आज प्रार्थना झाली का?' शहरात हा प्रश्न विचारणारे एक तरी माणूस जोडलेले असावे.