श्रद्धेला विज्ञानाचा टेकू

शास्त्राचा एखादा मोठा शोध लागला, की आता धर्मश्रद्धेचे काय होणार, हा प्रश्न गेली चारशे वर्षे युरोपात विचारला जात आहे. पृथ्वी फिरते असे ठरले तेव्हा तो विचारला गेला. मनुष्य हा प्राणिसृष्टीचाच एक वंशज आहे असे डार्विनने दाखविले तेव्हा तो पुन्हा उठला. विसाव्या शतकात विश्वाला वय आहे असे दिसू लागले, तेव्हा मात्र त्याला अनपेक्षित वळण लागले. या खेपेस शोध ख्रिस्ती श्रद्धेच्या विरुद्ध जातो अशी ओरड झाली नाही. उलट तो तिच्या बाजूने साक्ष देतो, असे पुष्कळांना वाटू लागले. विरोधक म्हणून आलेल्या शोधाप्रमाणेच मित्र म्हणून आलेला शोधही श्रद्धेला अडचणीत टाकू शकतो, हे ज्यांनी नेमके ओळखले ते बेल्जियममधील एक कॅथलिक धर्मगुरू होते. आणि तो शोध बऱ्याच अंशी त्यांचाच होता. त्या जॉर्ज लमेत्र यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

श्रोतेहो, ती नीट समजण्यासाठी जुन्या दोन प्रकरणांची थोडी उजळणी केली पाहिजे. पहिले अर्थात् गॅलिलिओचे. सूर्य मध्यभागी व पृथ्वी त्याच्याभोवती, हा विचार कोपर्निकसने १५४३ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. हा कोपर्निकस स्वतः चर्चचा एक अधिकारी होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढे १६१० मध्ये गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहिलेले गुरूचे चार उपग्रह जगाला कळविले, आणि वाद पेटला. यहोशवाने सूर्याला थांबण्याची आज्ञा केली असे जुन्या करारात आहे. मग सूर्य मुळात फिरतच नसेल, तर त्या वचनाचे काय करावयाचे? कार्डिनल बेलार्मिन यांनी १६१५ मधील एका पत्रात म्हटले होते, की पृथ्वी फिरते याचा पक्का पुरावा मिळालाच, तर शास्त्रवचनांचा अर्थ फार जपून पुन्हा लावावा लागेल; मात्र असा पुरावा असेल असे आपल्याला वाटत नाही. दुसऱ्याच वर्षी कोपर्निकसच्या ग्रंथावर, दुरुस्ती होईपर्यंत, बंदी आली. २२ जून १६३३ रोजी इन्क्विझिशनपुढे — हे नाव गोमंतकीय श्रोत्यांना अपरिचित नाही — वृद्ध गॅलिलिओला गुडघे टेकून आपले मत नाकारावे लागले. १६४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो नजरकैदेतच राहिला. त्याचा ग्रंथ निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून १८३५ मध्ये वगळला गेला, आणि त्याच्या न्यायाधीशांची चूक झाली हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये जाहीरपणे मान्य केले.

या प्रकरणात कोणती गोष्ट ढासळली? ईश्वराने सृष्टी केली हा विश्वास ढासळला नाही. येशूच्या पुनरुत्थानावरील विश्वासही नाही. स्थिर पृथ्वी आणि फिरते आकाश हे ग्रीक ज्योतिषाचे चित्र धर्मवचनांशी घट्ट बांधले गेले होते. चित्र फाटले, तेव्हा ज्यांनी ते बांधले त्यांच्या अधिकाराला तडा गेला. वास्तविक हा धोका चर्चच्याच एका महान आचार्याने बाराशे वर्षांपूर्वी सांगून ठेवला होता. पाचव्या शतकाच्या आरंभी, ‘उत्पत्ती’ या पुस्तकावर भाष्य लिहिताना संत ऑगस्टीन यांनी इशारा दिला होता, की आकाश, पृथ्वी, ग्रहतारे यांविषयी ज्यांना अनुभवाने व तर्काने ज्ञान झाले आहे, त्यांच्यापुढे ख्रिस्ती माणसाने धर्मग्रंथाच्या नावाने अडाणी विधाने करू नयेत. तसे केल्यास ते लोक पुनरुत्थानाविषयी व अनंत जीवनाविषयी त्याच ग्रंथावर विश्वास का ठेवतील? शंभर श्रुतिवचनांनी अग्नी थंड आहे असे सांगितले तरी ते प्रमाण ठरत नाही, असे आपल्याकडे शंकराचार्यांनी गीताभाष्यात म्हटले आहे. दोघांचा रोख एकच आहे. जे डोळ्यांनी व प्रयोगाने कळते, तेथे धर्मवचनाला साक्षीदार म्हणून उभे करू नये.

दुसरे प्रकरण डार्विनचे, आणि ते अधिक खोल आहे. इंग्लंडमध्ये विल्यम पेली यांनी १८०२ मध्ये एक युक्तिवाद लोकप्रिय केला होता. माळावर घड्याळ सापडले तर घड्याळजी असलाच पाहिजे. तसेच डोळ्यासारखे सुरेख इंद्रिय पाहिले, की त्याचा रचनाकार मानावाच लागतो. कित्येक सुशिक्षित ख्रिस्ती माणसांनी आपल्या श्रद्धेचे ओझे या घड्याळावर टाकले. १८५९ मध्ये डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झाला आणि नैसर्गिक निवडीने, घड्याळजीवाचून, अशी इंद्रिये हळूहळू कशी घडू शकतात हे त्याने दाखविले. पेलीचा टेकू निखळला. येथे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे, की पुष्कळांची श्रद्धाही त्याबरोबर गेली, आणि आदाम व मूळ पाप यांच्या शिकवणुकीपुढे जे अवघड प्रश्न उभे राहिले, ते अद्याप ख्रिस्ती विचारवंतांचा पिच्छा सोडीत नाहीत. तथापि अमेरिकेत डार्विनचा कैवार घेणारे अग्रगण्य वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे निष्ठावंत ख्रिस्ती होते. आणि खुद्द डार्विनचे मन ख्रिस्ती धर्मापासून दूर गेले ते केवळ जीवशास्त्रामुळे नव्हे. सृष्टीतील दुःख आणि अश्रद्धांना अनंत काळ शिक्षा होते ही शिकवण त्याला सहन होत नव्हती. तो प्रश्न दुर्बिणीचा किंवा सूक्ष्मदर्शकाचा नाही. ईयोबाच्या काळापासून तो माणसाला छळीत आहे.

आता लमेत्र यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म १८९४ मध्ये बेल्जियममधील शार्लरुआ येथे झाला. अभियांत्रिकीचे शिक्षण चालू असताना १९१४ चे महायुद्ध आले आणि ते सैन्यात दाखल झाले. युद्धानंतर त्यांनी गणित व भौतिकशास्त्र हाती घेतले, आणि १९२३ मध्ये धर्मगुरुपदाची दीक्षाही घेतली. त्याच वर्षी ते केंब्रिजला एडिंग्टन यांच्याकडे, व पुढे अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत गेले. परतल्यावर लुव्हँच्या विद्यापीठात शिकवीत असताना १९२७ मध्ये त्यांनी फ्रेंच भाषेत एक निबंध प्रसिद्ध केला. आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून विश्व प्रसरण पावत असले पाहिजे, आणि दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर जाताना दिसतात त्याचे कारण हेच आहे, असे त्यांनी त्यात मांडले. रशियन गणिती फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये अशी गणिती शक्यता दाखविली होती. लमेत्र यांनी तिचा प्रत्यक्ष वेधांशी सांधा जुळविला. त्याच वर्षी ब्रुसेल्स येथे आइन्स्टाइन भेटले, तेव्हा त्यांनी गणित मान्य केले, पण त्यातील भौतिकशास्त्र मुळीच पसंत केले नाही. १९२९ मध्ये हबल यांची निरीक्षणे प्रसिद्ध झाली आणि वारे फिरले.

यापुढचे पाऊल अधिक धाडसाचे होते. विश्व पसरत आहे, तर मागे मागे जाता ते एके काळी अत्यंत लहान व घन असले पाहिजे. ९ मे १९३१ च्या ‘नेचर’ साप्ताहिकात लमेत्र यांनी एका छोट्याशा पत्राने ही कल्पना मांडली. तिलाच पुढे त्यांनी आद्य अणूचा सिद्धांत म्हटले. हे पत्र एडिंग्टन यांना उत्तर म्हणून होते. निसर्गाच्या सध्याच्या व्यवस्थेला कधी आरंभ झाला असेल ही कल्पनाच आपल्याला रुचत नाही, असे एडिंग्टन यांनी म्हटले होते; आणि एडिंग्टन हे क्वेकर पंथाचे श्रद्धाळू ख्रिस्ती होते! म्हणजे एका ख्रिस्ती शास्त्रज्ञाला आरंभ नकोसा होता आणि दुसऱ्याला गणिताने तो मान्य करावा लागत होता. श्रद्धा दोघांचीही होती. निर्णय मात्र श्रद्धेने केला नाही.

त्या पत्राच्या टंकलिखित मसुद्यात शेवटी ईश्वराविषयी एक वाक्य होते. ईश्वर हा मूलतः गुप्त आहे असे मानणाऱ्याला, आधुनिक भौतिकशास्त्रही निर्मितीवर एक पडदाच टाकते हे पाहून समाधान वाटेल, अशा अर्थाचे ते वाक्य छपाईपूर्वी खोडण्यात आले. छापलेल्या पत्रात ईश्वराचे नाव नाही.

तरीही संशय सुटला नाही. आद्य अणूची कल्पना ऐकून आइन्स्टाइन यांनाही तीत धर्मातील सृष्टिनिर्मितीचा फार भास झाला, असे लमेत्र यांनीच पुढे नमूद केले आहे. शास्त्रीय अडचणही होती. त्या वेळच्या मोजमापाप्रमाणे विश्वाचे वय जेमतेम २०० कोटी वर्षे येई, आणि खडकांतील किरणोत्सारावरून पृथ्वीचे वय त्याहून अधिक निघे. मुलगी आईपेक्षा वयाने मोठी कशी? १९४८ मध्ये केंब्रिजच्या हॉइल, बाँडी व गोल्ड यांनी विश्वाला आदी नाही व अंत नाही असा स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. दुसऱ्याच वर्षी बी. बी. सी. च्या नभोवाणीवर बोलताना हॉइल यांनी प्रतिपक्षाच्या सिद्धांताला ‘बिग बँग’ असे नाव दिले, आणि तेच रूढ झाले. कोल्हापुरात जन्मलेले व वाराणसीत वाढलेले आपले जयंत नारळीकर हे याच हॉइल यांचे शिष्य व सहकारी. २०२५ मध्ये पुण्यात निधन होईपर्यंत ते महास्फोटाविषयी आपल्या शंका शास्त्राच्याच भाषेत मांडीत राहिले.

या वादाच्या ऐन भरात, २२ नोव्हेंबर १९५१ रोजी, पोप पायस बारावे यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केले. आधुनिक विज्ञान कोट्यवधी वर्षे मागे जाऊन ‘प्रकाश होवो’ या आद्य आज्ञेच्या क्षणाला जणू साक्ष देत आहे, असा त्याचा सूर होता. श्रद्धाळूंना आनंद झाला. त्या अकादमीचे १९३६ पासूनचे सभासद असलेले लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. व्हॅटिकन वेधशाळेचे फादर ओकॉनेल यांच्यामार्फत त्यांनी आपली काळजी योग्य ठिकाणी पोचविली, असे इतिहासकार सांगतात. सप्टेंबर १९५२ मध्ये जगातील ज्योतिर्विदांची परिषद रोममध्ये भरली, तेव्हा पोपनी त्यांच्यापुढे भाषण केले. पण तो दावा पुन्हा केला नाही. त्याच परिषदेत वॉल्टर बाडे यांनी दीर्घिकांची अंतरे आजवर मानली त्याच्या सुमारे दुप्पट आहेत असे जाहीर केले, आणि विश्वाचे वय एकाएकी दुपटीवर गेले. धर्माने काल ज्या आकड्यांकडे बोट दाखविले असेल, ते आकडे आज असे बदलतात.

लमेत्र यांची अस्वस्थता भित्रेपणाची नव्हती. तिच्यामागे जुना आधार होता. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी म्हटले होते, की जगाला काळात आरंभ होता हे केवळ बुद्धीने सिद्ध करता येत नाही. ते श्रद्धेने मानावयाचे असते. जग अनादी असते, तरीही ते आपल्या अस्तित्वासाठी ईश्वरावर अवलंबून राहिले असते. म्हणजे ‘आरंभ’ आणि ‘निर्मिती’ हे दोन शब्द एक नव्हेत. आरंभ हा काळाचा प्रश्न आहे, तो गणिताने व वेधाने सुटेल. काहीच नसण्याऐवजी काही का आहे, हा प्रश्न निर्मितीचा. दुर्बीण त्याकडे वळवता येत नाही. १९५८ मध्ये ब्रुसेल्सच्या परिषदेत लमेत्र यांनी स्पष्ट सांगितले, की आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नाच्या बाहेर आहे आणि तो मानूनही जडवादी माणूस ईश्वर नाकारण्यास मोकळा आहे.

१९६५ मध्ये पेन्झिअस व विल्सन यांना सर्व दिशांनी येणारे मंद किरण सापडल्याचे प्रसिद्ध झाले. विश्वाच्या तप्त बाल्याची ती खूण होती. ही वार्ता लमेत्र यांना रुग्णशय्येवर कळली, आणि २० जून १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. आज विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानतात, आणि प्रसरणाच्या नियमाला हबल यांच्याबरोबर लमेत्र यांचेही नाव द्यावे, अशी शिफारस ज्योतिर्विदांच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०१८ मध्ये केली. सिद्धांत जिंकला, तरीही त्यावर धर्माची पताका लावण्याचा हक्क त्याच्या जनकाने कोणाला दिला नाही.

तेव्हा वैज्ञानिक शोधाने ख्रिस्ती श्रद्धा ढासळते काय, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. जी श्रद्धा आकाशाच्या नकाशावर, जीवांच्या रचनेवर किंवा वर्षांच्या गणतीवर उभी आहे, ती ढासळते. आणि तिने ढासळावे हेच योग्य, कारण तो पाया तिचा नव्हे. जी प्रार्थनेत, दुःखात, शेजाऱ्यावरील प्रेमात आणि क्रुसावर मेलेल्या एका माणसावरील विश्वासात उभी आहे, तिला शास्त्रज्ञ पाडू शकत नाही आणि सावरूही शकत नाही. यातला दुसरा भाग श्रद्धाळूला पचण्यास अवघड जातो. पुरावा आपल्या बाजूचा दिसत असताना तो हाती न धरणे, याला मनाचा निग्रह लागतो. लमेत्र यांच्यापाशी तो होता. सकाळी वेदीपुढे मिस्सा अर्पण करणारा हा मनुष्य दिवसा फळ्यापुढे समीकरणे सोडवी. एका ठिकाणचे उत्तर त्याने दुसऱ्या ठिकाणी उसने नेले नाही.