रोगाला काढलेला हुकूम

गळ्यातला ताईत आपल्याला नवा नाही. आज आपण चीनमधल्या ताईताकडे वळू या.

ताओ धर्माचे पुजारी पिवळ्या कागदावर लाल शाईने एक चिठ्ठी लिहितात. अक्षरं वेडीवाकडी, थाट मात्र कचेरीचा. शेवटी बहुधा 'कायद्याप्रमाणे ताबडतोब अंमल व्हावा' अशा अर्थाचे शब्द. हान राजांच्या काळात सरकारी कागदांत अशीच भाषा असे. म्हणजे रोगाला, भुताला काढलेला हा हुकूमच!

दुसऱ्या शतकात तिथे साथींनी माणसं मरत होती. सिचुआनकडच्या एका पंथात आजाऱ्याच्या चुकांची कबुली तीन प्रतींत लिहीत. एक डोंगरावर ठेवायची, आकाशासाठी. दुसरी जमिनीत पुरायची, तिसरी पाण्यात सोडायची. तीन प्रती! आपल्याला तलाठी कार्यालयच आठवलं. आजाऱ्याच्या घरून पाच मापं तांदूळ घेत.

झांग ज्याओ नावाच्या दुसऱ्या एका गुरूकडे चिठ्ठीचं पाणी पाजत. 184 साली त्याच्या लोकांनी राजाविरुद्ध बंड केलं. त्याच्याकडे रोगी बरा झाला तर त्याची श्रद्धा खरी, नाही झाला तर श्रद्धाच नव्हती, असं सांगत. इथे आम्ही थांबलो. घरातलं लेकरू गेलं तर त्या आईला काय ऐकावं लागलं असेल?

आज तैवानमध्ये देवळातली अशी चिठ्ठी लहान लाल पिशवीत घालून गाडीत टांगतात. तेवढं ठीक. पण जुनी लाल शाई हिंगुळाची, आणि हिंगुळात पारा असतो. तो पोटात जाऊ देऊ नये.